दादाचा सेट सोडून

हौशी रेडिओचं लायसन्स सोमवारच्या टपालाने आलं आणि मंगळवार संध्याकाळपर्यंत तिला सल्ला देणारे तिच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त झाले.

गिऱ्हाइकं कमी नव्हती. ती शिलाई मशीन दुरुस्त करायची, एकवीस वर्षं. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीचं वर्कशॉप, वर दोन खोल्यांचं घर, भिंतीवर पट्टे आणि शटल टांगलेली, एप्रनच्या खिशात कायम तेलाची बुधली. लोक तिला मशीनताई म्हणत. आता सरकारने तिला रेडिओवर वापरायला आणखी एक नाव दिलं होतं, अक्षरं आणि एक आकडा मिळून बनलेलं, जगात दुसऱ्या कोणाचं नसलेलं. पाकीट फोडल्याफोडल्या तिने ते ठोक्यांच्या भाषेत दाराच्या चौकटीवर बोटाने वाजवून पाहिलं.

आतून नवऱ्याने विचारलं, दारात कोण आहे.

"मी," ती म्हणाली. "आता कायद्याने."

*

सल्ल्यांचं सार असं, की पहिला रेडिओ मुठीत मावणारा घ्यावा. सगळे तोच घेतात. स्वस्त, सुटसुटीत, पट्ट्याला अडकवून बाजारात जाता येतं. हे सांगणाऱ्यांत पुढे होते हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचे सेक्रेटरी. व्यवसायाने ते दातांचे डॉक्टर. समोरचा माणूस आ वासून गप्प बसणार, हे गृहीत धरूनच बोलायची त्यांना सवय लागलेली.

तिने तो मुठीतला घेऊन पाहिला. बटण दाबून बोललं की टेकडीवरच्या क्लबच्या टॉवरमार्फत सगळ्या शहराला ऐकू जायचं. शहर त्या वेळी कुठल्या रस्त्यावर गाड्या तुंबल्यात यावर चर्चा करत होतं.

"आणि शहराबाहेर?"

शहराबाहेर तो मुका, असं सेक्रेटरींना कबूल करावं लागलं.

तिने रेडिओ परत ठेवला. तिच्याकडे कोणी नवं मशीन घ्यायचं म्हणून सल्ला विचारायला आलं, की ती एकच प्रश्न उलटा टाकायची: शिवायचं काय? तंबूचं कापड शिवणाऱ्याला नाजूक मशीन देऊन उपयोग नाही आणि झबली शिवणारीला घोड्यासारखं दांडगं मशीन देऊन उपयोग नाही. आधी कापड, मग मशीन. तिला सगळ्या शहराशी बोलायचं नव्हतं. एका माणसाशी बोलायचं होतं आणि तो तीनशे किलोमीटरवर बसला होता.

*

तो माणूस म्हणजे दादा. तिचा थोरला भाऊ.

दादा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, आणि पस्तीस वर्षांचा जुना रेडिओवाला. पहिल्या पगारात त्याने जो सेट घेतला तोच आजवर वापरला. आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला साखळी सरळ धर म्हणून सांगायला त्याला भोंगा लागत नसे. चौदा महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. दादाने पाटी-पेन्सिल घेतली आणि घरातल्या भांडणांत हरायला लागला, कारण तो लिहून होईपर्यंत वहिनी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असे.

पण मोर्सला घसा लागत नाही. छोटा ठोका डिट, लांब ठोका डा, एवढ्यात सगळी बाराखडी. रोज सकाळी सातला दादा पितळी खटक्यावर बोट ठेवायचा आणि चाळीस मीटर लहरींच्या पट्ट्यात सगळ्या जगाला हाक द्यायचा: कोणी आहे का.

हे तिला ठाऊक होतं, कारण ती ऐकत होती. क्लबने शिकाऊ सभासद म्हणून तिला एक जुना रिसीव्हर उसना दिला होता. त्याच्यावर ऐकता येई, बोलता येत नसे. सातला वर्कशॉपचं शटर अर्धं उघडून ती कानाला हेडफोन लावून बसायची. दादा सापडला की बटण जरा खाली फिरवायची, त्याची टिकटिक जाड, खर्जातली होईपर्यंत. मग वाटायचं, हा त्याचाच आवाज.

पहिल्या महिन्यांत त्याला रोज चार-पाच जण ओ द्यायचे. मग दोघे. मग एक म्हातारा, जो पुढे ऐकू येईनासा झाला. मोर्स येणारे कमी होत चालले होते आणि असलेले झोपेतून सातला उठत नव्हते. गेले पाच आठवडे कोणीच नाही. दादा सात वेळा हाक द्यायचा, मग शेवटचे दोन ठोके, डिट डिट, म्हणजे रामराम, आणि बंद.

परीक्षेचं तिने त्याला सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांची असताना त्याच्यामागे लागून ती मोर्स शिकली होती, जेवणाच्या ताटावर चमच्याने. तेव्हा दादा म्हणाला होता, आधी पास हो, मग माझ्याशी बोल. मध्ये पस्तीस वर्षं गेली, एवढंच.

*

बुधवारी सेक्रेटरी वर्कशॉपमध्ये आले ते हातात एक कार्ड नाचवत, परगावाहून टपालाने येऊन क्लबच्या फळ्यावर लागलेलं. म्हणाले, मुठीतला नको ना, हे घ्या, तुमच्या मापाने शिवून आलाय.

*विकणे आहे. शंभर वॅटचा सेट, पहिल्यापासून एकाच हातात. मोर्ससाठी अरुंद फिल्टर, सुईच्या नेढ्याइतका. शेजारची बडबड आत येत नाही. सोबत पितळी खटका. वरती डाव्या कोपऱ्यात जुना डाग, कामाला बाधा नाही. रविवारी सकाळी दहाला येऊन न्यावा. फोन करू नये. लिहून विचारावे.*

तिने कार्ड दोनदा वाचलं. अक्षर ओळखायची गरज नव्हती. डाग तिचा होता. अकराव्या वर्षी डाख द्यायची तापलेली सळई तिने दादाच्या सेटवर टेकवली होती, एक मिनिटासाठी, आणि खेळायला निघून गेली होती.

सेक्रेटरी सांगत होते की एक कंत्राटदार रविवारी उचलणार आहे, पण नव्या सभासदाला पहिला मान, तुम्ही फक्त हो म्हणा. याहून चांगला पहिला रेडिओ शोधून मिळायचा नाही. ते खरंच होतं. तीनशे किलोमीटर काय, याच्यावरून ती समुद्रापलीकडे बोलली असती.

"हा सोडून दाखवा," ती म्हणाली.

"याच्यात खोट काय आहे?"

"खोट काही नाही. पण ज्याला हाक मारायची त्याचाच घसा विकत घेतला, तर ओ कोण देणार?"

सेक्रेटरींनी कार्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचं स्वतःचं तोंड उघडं राहिलं.

*

तिने वहिनीला फोन करून आडून आडून विचारलं. वहिनी म्हणाली, हो, सेट विकायला काढतायत. पाटीवर लिहिलं, रिकाम्या सभागृहात भाषण किती दिवस करायचं. मी म्हटलं राहू दे, तर लिहिलं, घरच्यांनी दया दाखवायची नाही. आणि खाली दोन रेघा मारल्या.

दोन रेघा म्हणजे शेवटचा शब्द. दादाला विकू नको म्हटलं तर रविवारचा सेट तो शनिवारीच देऊन टाकणार. लहानपणापासून ती त्याला ओळखत होती. त्याला कोणी समजावलं की तो बिघडायचा. एकच रस्ता होता: त्याने हाक द्यायची आणि हवेतून कोणीतरी ओ द्यायची.

नवरा म्हणाला, पत्र लिही ना. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा, त्याचा कागदावर विश्वास.

"पत्राला तो उत्तर देतो," ती म्हणाली. "त्याला कोणी उत्तर देत नाही, हा प्रश्न आहे."

नवऱ्याने थोडा वेळ या वाक्यात चूक शोधली. सापडली नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन सकाळी होत्या.

*

गुरुवारी सेक्रेटरींच्या दवाखान्यामागच्या खोलीत न घेतलेल्या रेडिओंची रांग वाढत गेली. एक चकचकीत, टीव्हीएवढा पडदा असलेला. त्यावर रंगीत लाटा उसळत होत्या. छान होतं बघायला. पण त्याला वेगळा वीजपुरवठा लागणार होता, तो परगावाहून दहा दिवसांनी येणार होता. दुसरा मोठा, बरा, पण आतून किडलेला. तिने नुसतं बटण फिरवलं आणि कुठली चकती झिजलीय ते सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, अहो, हे रेडिओ आहेत, मशीन नाहीत. ती म्हणाली, फिरतं ते सगळं मशीनच.

मग खालच्या फळीवर, प्लॅस्टरच्या कवळ्यांच्या शेजारी, तिला एक पत्र्याचा डबा दिसला. वर एकच बटण. एरवी दार आपटू नये म्हणून सेक्रेटरी तो दाराला लावत.

"हा?"

तो दाखवायची त्यांना लाज वाटत होती. क्लबमधल्या एका दिवंगत मास्तरांनी घरी बनवलेला. एकच पट्टा, चाळीस मीटरचा. बोलता येत नाही, फक्त मोर्स, ऐकायला आणि पाठवायला. शक्ती पाच वॅट, म्हणजे जिन्यात लावायच्या मिणमिणत्या दिव्याएवढी. याने काय होणार?

तिने एप्रनमधून स्क्रू-ड्रायव्हर काढला, चार स्क्रू सोडवले आणि डबा उजेडाला धरला. आत डाखाचा एकेक ठिपका गोल, चमकदार, सारख्या अंतरावर. तारा वळणावर बांधलेल्या. जिथे कोणाची नजर जाणार नाही त्या तळालाही तेवढीच सफाई.

टाके बघितले की शिंपी कळतो. झाकणाच्या आतल्या बाजूला मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: *आधी तार नीट बांधा. मग मला दोष द्या.*

"हाच," ती म्हणाली.

*

तार तिने स्वतः मापली. दहा मीटर इकडे, दहा मीटर तिकडे, मधोमध जोड; टेप लावून, दोनदा. पण बांधायला उंची हवी आणि तिची उंची माणसांच्या कोपरापर्यंत. दादा तिला लहानपणी ठेंगू म्हणायचा. नवरा उंच होता, लग्नात सगळ्यांनी त्यावर तोंडसुख घेतलं होतं. आज त्याचं सार्थक झालं. त्याने तारेचं एक टोक गच्चीवरच्या टाकीच्या शिडीला बांधलं, दुसरं समोरच्या लाँड्रीच्या खांबाला. लाँड्रीवाल्याने अट घातली, की तारेवर शर्ट वाळत घालू द्यायचे. ती म्हणाली, शर्टाला डिट-डा ऐकू यायला लागलं तर माझी जबाबदारी नाही.

*

शुक्रवार, सात.

दादा आला. तिने सवयीने बटण जरा खाली घेतलं आणि तो त्याच्या जाड आवाजात बोलू लागला. कोणी आहे का. ती थांबली, तो थांबला, तिने क्लबकडून उसना आणलेला खटका दाबला. आयुष्यातली पहिली हाक. रोज शंभर सुया ओवणारा हात तो. डब्यातून तिचा स्वतःचा ठोका बारीक, किणकिणता ऐकू येत होता. दादाचं सरकारी नाव, तिचं सरकारी नाव.

दादाने पुन्हा सगळ्या जगाला हाक दिली, जणू कोणी बोललंच नव्हतं.

सात वेळा त्याने, सात वेळा तिने. डिट डिट.

*

शनिवार, सात. तसंच. फक्त शेवटी, डिट डिटच्या आधी, दादाने तीन शब्द जास्त पाठवले: उद्या शेवटचा दिवस.

*

शनिवारी दुपारी सेक्रेटरी येऊन गेले. मी म्हटलं नव्हतं का, असं ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर ते छापूनच आणलं होतं. पाच वॅटात तीनशे किलोमीटर म्हणजे फुंकर मारून गिरणी चालवायची. अजून वेळ गेली नाही, कंत्राटदाराला मी थोपवतो.

ते गेल्यावर तिने मास्तरांचा सल्ला पाळला आणि आधी तार तपासली. तार ठीक. जोड ठीक. बॅटरी भरलेली. मशीन धागा तोडतं तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं मोटर बदला, आणि दहातल्या नऊ वेळा सुई उलटी बसवलेली असते. म्हणजे इथे कुठेतरी सुई उलटी होती. ती बसवली होती तिनेच, कारण दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

तिने कार्ड काढून पुन्हा वाचलं. सुईच्या नेढ्याइतका फिल्टर. शेजारची बडबड आत येत नाही.

शेजारची.

तिने डबा पुढे ओढला.

मास्तरांचा डबा पट्ट्यात कुठल्या जागी बोलतो? जिथे त्याचा स्वतःचा ठोका वाजतो, त्या सुरात. समोरच्याचा सूर आपल्या ठोक्याच्या सुराशी जुळवला, की दोघं एका जागी. नाही जुळवला, की शेजारी. आणि ती दोन दिवस काय करत होती? दादाला ओढून खर्जात आणत होती, कारण तसा तो दादासारखा वाटायचा. आणि स्वतः किणकिणत्या सुरात हाका मारत होती. दुसऱ्या कोणाच्या रुंद फिल्टरमधून त्या आत गेल्याही असत्या. दादाच्या नेढ्यातून नाही. दोन सकाळी तिने शेजारच्या दारावर टकटक केली होती, पत्ता बरोबर लिहून.

महिनोन्महिने नुसतं ऐकलेल्या माणसाचीच ही चूक. आणि आपल्या माणसाचा आवाज मनात धरून बसलेल्याची.

"सापडलं," तिने वर ओरडून सांगितलं.

"काय?" नवऱ्याने विचारलं.

"सुई."

*

रविवार, सात.

दादा आला, जाड. तिने बटणावर बोट ठेवलं. हे जिवावर आलं, नाही असं नाही. मग तिने बटण वर फिरवलं. दादाचा आवाज बारीक होत गेला, अनोळखी होत गेला, कोणा शाळकरी पोराचा वाटावा इतका. आणि एका जागी तो तिच्या ठोक्याच्या सुराला येऊन असा चिकटला की दोन कापडांची शिवण कळू नये.

कोणी आहे का.

तिने ओ दिली. त्याचं नाव, तिचं नाव. थांबली.

नवरा दारात उभा होता, चहाचा कप तिरका झालेला त्याला कळत नव्हता.

हवेत फक्त खरखर. मग एक प्रश्नचिन्ह. मग तिचं नाव, एका अक्षराने चुकलेलं. तिने पुन्हा पाठवलं, सावकाश. या वेळी ते बरोबर परत आलं, आणि मागून तीन आकडे: ३३९.

पहिला आकडा किती समजतंय त्याचा, दुसरा किती जोरात येतंय त्याचा, तिसरा सूर किती स्वच्छ आहे त्याचा. रीतीप्रमाणे सगळे एकमेकांना ५९९ देऊन मोकळे होतात, लग्नात मुलगी छान आहे म्हणावं तसं. दादाने पस्तीस वर्षांत कधी खोटा आकडा दिला नव्हता. ३३९ म्हणजे: मुश्किलीने कळतंय, कमजोर येतंय, सूर मात्र निर्मळ. आयुष्यात कोणी तिला इतकी खरी दाद दिली नव्हती. तिने त्याला ५७९ दिलं, तेही खरं.

मग रीतीप्रमाणे त्याने विचारलं, सेट कोणता.

*डबा. पाच वॅट.*

खरखर. दादाने पाठवलं, एक अक्षर, मग एक, हाताला घाई नसल्यासारखं:

*शेवटची डा लोंबते तुझी. आवर.*

ती ताटावर चमचा वाजवायची तेव्हाही तो हेच म्हणायचा.

*ठेंगू?*

*हो. पास झाले.*

मोठी खरखर. पलीकडे, तीनशे किलोमीटरवर, एक माणूस पेन्सिल शोधत असावा किंवा चष्मा.

*चांगला सेट विकायला होता. हा का घेतलास.*

*पाहिला होता,* तिने पाठवलं. *वर डाग होता.*

एवढा वेळ काहीच आलं नाही की नवऱ्याने विचारलं, गेला का. तिने हात वर केला. मग आलं. पहिल्यापेक्षा वेगात, जुन्या दादाच्या वेगात, तिला जेमतेम झेपेल असं:

*तार वर घे. फार खाली आहे. उद्या सात.*

डिट डिट.

तिने उत्तर दिलं. डिट डिट. शेवटचा ठोका जरा लोंबलाच.

*

सव्वादहाला वहिनीचा फोन आला. तिचा सूर चढलेला होता. म्हणाली, ताई, काय केलंत तुम्ही. कंत्राटदार टेम्पो घेऊन आला होता. तुमच्या भावाने त्याला बसवलं, चहा पाजला, आणि हातात पाटी दिली. मी वाचून दाखवते, अजून पुसलेली नाही.

"सेट कामात आहे," वहिनीने वाचलं. आणि थोडं थांबून म्हणाली, खाली दोन रेघा आहेत.

तिने फोन ठेवला. वर गच्चीकडे पाहिलं. तार टाकीच्या शिडीपासून लाँड्रीच्या खांबापर्यंत गेली होती, मध्ये झोळ पडलेला, आणि झोळात लाँड्रीवाल्याचे तीन शर्ट ऐटीत लोंबत होते.

"शिडी आण," तिने नवऱ्याला सांगितलं. "आणि शर्ट उतरव आधी."